मदत हवी आहे: मादबाहून एका शुक्रवारात मेशा राजाची गावं कशी पाहावीत?

नमस्कार मंडळी,

सध्या जॉर्डनमध्ये मादबाजवळच्या एका उत्खननावर स्वयंसेवक म्हणून काम करतेय. तांबडं फुटायच्या आत ट्रेंचवर, दुपारी खापरं धुवायची, असा दिनक्रम. सुट्टी शुक्रवारी. येत्या शुक्रवारी टॅक्सी ठरवून फिरायचा बेत आहे, पण क्रम जुळत नाहीये.

इथले बहुतेक जण नबो डोंगर, यार्देनेकाठचं बाप्तिस्म्याचं ठिकाण आणि संध्याकाळी मृत समुद्र असं करतात. मला मेशाच्या शिलालेखातली गावं पाहायची आहेत. बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाच्या अध्याय ३ मध्ये मवाबचा (मृत समुद्राच्या पूर्वेचं प्राचीन राज्य) हा राजा इस्राएलला १,००,००० कोकरं आणि १,००,००० एडक्यांची लोकर देत असे आणि इस्राएलचा राजा अहाब मेल्यावर त्यानं बंड केलं, असं येतं. तेच बंड मेशानं स्वतःच्या बाजूनं काळ्या बेसाल्टवर कोरून ठेवलंय, ३४ ओळींत! हा दगड १८६८ मध्ये दीबोनला, म्हणजे आजच्या धिबानला, एका मिशनऱ्याच्या नजरेस पडला. पुढच्याच वर्षी तो फोडला गेला. आधी कागदावर ठसा घेतला होता म्हणून मजकूर टिकला. आता तो दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मादबा, नबो, अटारोथ, दीबोन सगळी आहेत. एकाच लढ्याची दोन्ही बाजूंची हकिगत हाती आहे आणि ती गावं टॅक्सीच्या टप्प्यात आहेत, मग ती सोडून पोहायला जायला मन होत नाही.

मादबातला सेंट जॉर्ज चर्चचा मोझेक नकाशा पाहून झालाय. सहाव्या शतकातला. यार्देनेतला एक मासा मृत समुद्राचं खारं पाणी लागताच तोंड फिरवून उलटा पोहताना दाखवलाय. बराच वेळ तिथून पाय निघेना.

आता अडचणी. अटारोथ म्हणजे खिरबत अतारूझ. तिथं लोहयुगातलं मंदिर सापडलंय. टॅक्सीवाल्यांना ते नावानं कळेल का, की मुकाविर गावाचा रस्ता सांगावा? जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी मध्येच थांबावं लागेल का? आणि नबो सकाळी की शेवटी? आजी अहिल्यानगरची, मराठी ख्रिस्ती. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा ३४वा अध्याय तिला तोंडपाठ आहे. मोशेनं जिथून वचनदत्त देश पाहिला तिथून तिला व्हिडिओ कॉल करायचाय, म्हणून नबो गाळता येणार नाही.

प्रतिसाद:

ताई, नबो पहिल्यांदा उरका, मादबाहून जवळच आहे. उन्हाळ्यात दुपारी खोऱ्यावर धुरकट पडदा असतो, आजींना काही दिसायचं नाही. मग दक्षिणेला लिब्ब गावापर्यंत जाऊन उजवीकडे वळा. टॅक्सीवाल्याला 'मुकाविर' सांगा, अतारूझ त्याच वाटेवर आहे. मुकाविरचा हेरोद राजाचा किल्लाही पाहून घ्या. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या मते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तिथंच मारलं. चढ उघड्यावर आहे, पाणी भरपूर घ्या. परत लिब्बला येऊन सरळ धिबान. नमाजाच्या वेळेचं आणि थांबण्याच्या पैशांचं आदल्या दिवशीच बोलून ठेवा. धिबानहून थोडं पुढं गेलात तर मुजिबची दरी, म्हणजे अर्णोन, दिसेल. त्याच शिलालेखात मेशा म्हणतो की अर्णोनवरचा रस्ता मी बांधला.