‘गोत्से’ म्हणजे काय?

प्रश्न : मॅसिडोनियाच्या इतिहासात ‘गोत्से देल्चेव’ हे नाव सारखं येतं. ‘गोत्से’चा अर्थ काय? आणि मराठीत गोचे लिहावं की गोत्से?

उत्तर : हे ‘गेओर्गी’चं लाडाचं रूप. ऑटोमन सत्तेविरुद्ध लढलेले क्रांतिकारक देल्चेव (१८७२–१९०३) यांचं पाळण्यातलं नाव गेओर्गीच. मूळ ग्रीक ‘गेओर्गोस’, म्हणजे जमीन कसणारा, शेतकरी. पण बाल्कनमध्ये मुलाचं हे नाव ठेवतात ते संत गेओर्गीमुळे. ६ मेचा त्यांचा सण, ‘ग्युर्ग्योव्देन’, तिथे फार मोठा.

नाव आखडून ‘गो’ उरलं आणि त्याला लघुत्वाचा ‘-त्से’ लागला. हाच प्रत्यय साध्या नामांनाही लागतो: सेलो म्हणजे गाव, सेल्त्से म्हणजे छोटंसं गाव. आपल्याकडे गणेशचा गण्या होतो तशीच घडण, पण वजन अगदी वेगळं. गण्या सभेच्या पत्रिकेवर छापत नाहीत. गोत्से मात्र पुतळ्यावर, विद्यापीठाच्या नावात, बल्गेरियातल्या एका शहराच्याही नावात आहे (पूर्वीचं नेव्रोकोप). हे रूप बल्गेरियनमध्येही चालतं, म्हणून ‘फक्त मॅसिडोनियन’ म्हणू नये.

लेखन ‘गोत्से’च हवं. मूळ नावातला वर्ण ‘चाक’मधल्या च-सारखा, दंत्य. पण मराठी वाचक ‘चे’ दिसताच ‘चेहरा’मधला च म्हणणार, आणि मॅसिडोनियनमध्ये तो निराळाच वर्ण आहे. आघात पहिल्या अक्षरावर: गोत्से.

पुरवणी : ‘सेल्त्से’सारखी नामं नपुंसकलिंगी, पण माणसाचं नाव पुल्लिंगीच चालतं, क्रियापद, विशेषण सगळं पुल्लिंगी. मॅसिडोनियनमध्ये विभक्ती जवळजवळ संपल्या आहेत, तरी पुरुषांच्या नावांत कर्माचं एक जुनं रूप टिकून आहे: ‘गो विदोव गोत्सेता’, म्हणजे मी गोत्सेला पाहिलं. त्यातला ‘ता’ नावाचा भाग नाही. मजकुरात ‘गोत्सेता’ दिसलं की भाषांतरात ‘गोत्सेताला’ होऊन बसतं, तिथे सांभाळा. मराठीत सामान्यरूप बदलत नाही: गोत्सेने, गोत्सेला, गोत्सेचा.

प्रश्न : मग गोत्से दिसलं की कंसात गेओर्गी लिहावं का?

उत्तर : देल्चेवांपुरतं बरोबर आहे, सरसकट नको. हे आता स्वतंत्र नाव म्हणूनही ठेवतात. फुटबॉलपटू गोत्से सेद्लोस्की हे त्याच नावाने ओळखले जातात. कागदावर आहे तेच लिहावं.