स्टार ट्रेक बघणाऱ्यांनो, नंतर कधीतरी आयुष्यात उपयोगी पडलेला एक भाग सांगा

वारणाकाठची (धागाकर्ती)

८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत पहिला भाग लागला आणि तेव्हापासून स्टार ट्रेक, ही अंतराळयानांवरच्या माणसांची टीव्ही मालिका, मध्ये मध्ये थांबत का होईना पण चालूच आहे. पहिली मालिका जेमतेम तीन सीझन, ७९ भाग, त्यातला तिसरा सीझन तर प्रेक्षकांनी चॅनेलला पत्रांवर पत्रं पाठवली म्हणून मिळाला. मग नेक्स्ट जनरेशन, डीप स्पेस नाइन, व्हॉयेजर, प्रत्येकी सात सीझन, आणि २०१७ पासून पुन्हा नवीन नवीन मालिका. एवढ्यातून टॉप टेन काढा असं मी म्हणत नाहीये, त्या याद्या भरपूर आहेत. मला तुमच्याकडून एकच भाग हवाय, जो टीव्ही बंद केल्यावर कितीतरी दिवसांनी, घरात, ऑफिसात, दवाखान्यात कुठेतरी अचानक कामाला आला.

माझं स्पष्ट मत आधीच सांगते. जहाजांच्या लढाया मला कधीच फार आवडल्या नाहीत. ही मालिका मला आवडते ती त्या जागांसाठी, जिथे समोर काहीतरी भयंकर उभं आहे, हातात शस्त्र आहे आणि तरी कुणीतरी म्हणतं की थांबा, आधी हे काय आहे ते समजून घेऊ. तसे भाग तुमच्याकडे असतील तर आधी ते लिहा. शेवट सांगितला तरी चालेल, ज्यांना शेवट आधी कळायला नकोय त्यांनी धागा जपून वाचा.

खाणवाल्याचा पोरगा

मी पहिला नंबर लावतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं तेव्हाचं बघणं आहे. आम्ही चंद्रपूरकडे कोळसा खाणीच्या कॉलनीत राहायचो, बाबा टिंबरमध्ये होते म्हणजे खाली अंडरग्राउंडला छताला लाकडी टेकू लावायचं काम. टीव्ही शेजारच्या गुरुजींकडे, मालिका इंग्रजीत, कळायचं कुणालाच फारसं नाही, गुरुजी मधून मधून सांगायचे.

भाग होता 'द डेव्हिल इन द डार्क'. एका ग्रहावर खाण आहे आणि काहीतरी अंधारातून येऊन खाणकामगारांना जाळून मारतंय, पन्नासच्या वर माणसं गेलीयेत. बाबा एकदम सरसावून बसले, कारण खाली गेलेला माणूस वर न येणं म्हणजे काय हे त्या खोलीत त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. ते पूर्ण कामगारांच्या बाजूने. मारा त्याला, असं मोठ्याने म्हणायचे. मग तो प्राणी दिसतो, होर्टा, दगडाचाच बनलेला, गोधडी सरपटावी तसा सरपटणारा, आणि जहाजावरचा परग्रही अधिकारी स्पॉक त्याच्या जवळ जाऊन त्याच्या मनात शिरतो आणि ओरडायला लागतो, पेन, पेन. तेवढं इंग्रजी सगळ्यांना कळलं. मग उलगडतं की खाणीत जे सिलिकॉनचे गोळे सापडतायत, जे कामगार बिनदिक्कत फोडतायत, ती त्या होर्टाची अंडी आहेत. पन्नास हजार वर्षांतून एकदा त्यांची सगळी जमात मरते, मागे एकच आई राहते अंडी राखायला, ती ही.

बाबा काही बोलले नाहीत. घरी जाताना रस्त्यात म्हणाले, तिचं घर होतं ना ते, आपण खणत गेलो. नंतर रिटायर होईपर्यंत खाणीच्या विस्तारात कुठलं गाव उठणार अशी बातमी आली की हे वाक्य त्यांच्या तोंडात यायचं. मालिकेत शेवटी तह होतो, होर्टाची पिल्लं बोगदे करणार, माणसं खनिज उचलणार, दोघांचं भलं. इतकं सरळ प्रत्यक्षात कुठे होतं, पण होऊ शकतं असं कुणीतरी दाखवलं हेच मला मोठं वाटतं. आणि मॅकॉय जखमी होर्टाला सिमेंटसारखं काहीतरी थापतो आणि वैतागून म्हणतो मी डॉक्टर आहे, गवंडी नाही, तिथे गुरुजी सगळ्यात जास्त हसले होते. होर्टाच्या आत होता यानोश प्रोहास्का, तो पोशाखही त्यानेच बनवलेला.

मडगावची मीनाक्षी

काका, वाचून गलबलून आलं. 'नो किल आय' असं होर्टा दगडात जाळून लिहिते तो सीन विसरलात की काय!

खाणवाल्याचा पोरगा

विसरलो नाही ताई, आधीच लांबलं म्हणून राहू दिलं :)

परभणी एक्सप्रेस

'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड', जानेवारी १९६९. बरेच फॅन या भागाला नाकं मुरडतात की फार ढोबळ आहे, उपदेश आहे. मला पटत नाही.

दोन माणसं आहेत, दोघांचा चेहरा मधोमध अर्धा काळा अर्धा पांढरा. त्यातला बील दुसऱ्याला, लोकायला, हजारो वर्षं पकडत फिरतोय. कॅप्टन कर्क आणि स्पॉकला कळतच नाही की तुमच्यात फरक काय आहे, दोघं एकाच वंशाचे दिसता. त्यावर बील चकित होतो की एवढं उघड दिसत नाही तुम्हाला, मी उजव्या बाजूला काळा आहे आणि तो उजव्या बाजूला पांढरा.

मी शिकायला मोठ्या शहरात आलो तेव्हा खोली शोधत फिरत होतो. डिपॉझिट ठरलं, चावी दाखवली, सगळं छान चाललेलं, आणि मग दारात विचारलं, आडनाव काय म्हणालात? आणि मग खोली पुतण्याला द्यायची आहे असं अचानक आठवलं. हे एकदा नाही झालं. त्याच सुमारास हॉस्टेलवर मित्राच्या लॅपटॉपवर हा भाग बघितला आणि बीलचा तो चेहरा, ते खरंखुरं आश्चर्य की तुम्हाला कसं दिसत नाही, ते बघून मी सुन्न झालो, कारण दारातल्या त्या काकूंच्या चेहऱ्यावर रागबिग काही नव्हता, त्यांना ते उघड दिसत होतं इतकंच. ढोबळ म्हणता ना, पण ती गोष्टच ढोबळ आहे, त्यात बारकावे आणायचे कुठून. शेवटी दोघं आपल्या ग्रहावर, शेरॉनवर पोचतात तर तिथे एकही माणूस जिवंत नाही, एकमेकांना मारून संपलेत, आणि तरी हे दोघं एकमेकांच्या मागे धावतच राहतात.

वारणाकाठची

परभणीकर, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी हा भाग ढोबळ म्हणणाऱ्यांतलीच, आज रात्री पुन्हा बघते.

सांगलीची लेक

'डार्मोक'. नेक्स्ट जनरेशन, पाचवा सीझन, १९९१.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, टामारियन म्हणून लोक आहेत, त्यांचे शब्द ट्रान्सलेटर बरोबर सांगतो पण अर्थ लागत नाही कारण ते फक्त त्यांच्या जुन्या गोष्टींतले प्रसंग बोलतात. 'डार्मोक आणि जलाद, टनाग्राला.' 'शाका, भिंती पडल्या तेव्हा.' त्यांचा कप्तान डेथॉन आपल्या जहाजाच्या कॅप्टन पिकार्डला मुद्दाम एका ग्रहावर घेऊन जातो जिथे दोघांना मिळून एका श्वापदाशी लढावं लागेल, म्हणजे दोघांचा मिळून एक प्रसंग तयार होईल, आणि त्यात स्वतः मरतो.

माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले अफेजिया, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच हरवते. थोडे शब्द परत आले पण भलतेच. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता यायचं नाही, आणि मध्येच म्हणायचे "वाडी, पायरीला पाणी". आई रडायची की भ्रम झालाय. थेरपिस्ट चित्रांची कार्डं दाखवायच्या, ती ते ढकलून द्यायचे.

मला एका रात्री त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या डार्मोक आठवला. नरसोबाच्या वाडीला ते तरुणपणी पुरात अडकले होते, नदी पायऱ्या चढून देवळात येत होती आणि सगळे भराभर सामान हलवत होते, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. म्हणजे घाई आहे, लवकर करा. त्यांना बाथरूमला जायचं होतं! तिथून मी वहीच केली. "मिरज, रात्रीची गाडी" म्हणजे कंटाळा आलाय, कुणीतरी बसा जवळ. "गावसकर, ओव्हल" हे मला सगळ्यात उशिरा लागलं. १९७९ ची ती टेस्ट, जिंकायला ४३८, गावसकरच्या २२१, आणि आपण ८ बाद ४२९ वर थांबलो. फिजिओथेरपीत हात वर जाता जाता राहिला की बाबा हेच म्हणायचे. थोडक्यात राहिलं, असं. थेरपिस्टना सांगितलं तर त्यांनी कार्डं बाजूला ठेवली आणि या प्रसंगांवरूनच पुढे काम केलं, घरातल्या जुन्या गोष्टी मला लिहून आणायला सांगितल्या. बाबा आता छोटी वाक्यं बोलतात. ओव्हल अजून म्हणतात पण हसून.

लोक विचारतात की असल्या भाषेत कुणी इंजिन दुरुस्त कसं करेल, यान कसं बनवेल. असेल तो प्रश्न बरोबर, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

रात्रपाळी

ताई, नमस्कार तुम्हाला. यानंतर माझं लिहू की नको असं झालं पण धागाकर्तीने बोलावलंय तर लिहिते.

मी अवयवदानाची कोऑर्डिनेटर आहे, हॉस्पिटलचं नाव नको. माझा भाग 'ट्युविक्स', व्हॉयेजर, १९९६. माणसांना क्षणात इकडून तिकडे पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्राच्या अपघातात जहाजावरचे टुव्हॉक आणि नीलिक्स मिळून एकच नवा माणूस तयार होतो. तो हुशार आहे, सगळ्यांना आवडायला लागतो, आणि मग त्या दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते. म्हणजे याला संपवून ते दोघं परत. तो सगळ्यांसमोर विनवण्या करतो की मला जगायचंय. जहाजाचा डॉक्टर नकार देतो, मग कॅप्टन जेनवे स्वतः बटण दाबते.

माझं रोजचं काम म्हणजे ब्रेन डेड पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणं. बाहेर लोक वाट बघत असतात, एका माणसाचं यकृत, दोन किडन्या, डोळे, किती जणांना मिळू शकेल हे मला पाठ असतं. पण नातेवाईक नाही म्हणाले तर नाही. १९९४ पासून कायदा आहे आणि त्याचा कणाच संमती आहे. हिशेबाने दोन मोठे की एक, हे गणित मी कुणाला ऐकवायचं नाही. म्हणून माझ्या मते जेनवे चुकली. पण भाग म्हणून हा मला फार मोलाचा आहे कारण शेवटी ती खोलीतून बाहेर येते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, कुणी तिला बरोबर म्हणत नाही की चूक म्हणत नाही. असे चेहरे मी बाहेरच्या बाकावर बघते.

कोथरूडचा क्लिंगॉन

आदर ठेवून असहमत. टुव्हॉकची बायको मुलं घरी वाट बघतायत, नीलिक्सची मैत्रीण, केस नावाची, तिथेच रडतेय. त्या दोघांची संमती कुणी विचारली होती? अपघातात गेलेल्यांना परत आणता येत असेल तर कॅप्टनचं कर्तव्य तेच.

रात्रपाळी

टुव्हॉकच्या बायकोचं मलाही फार वाटतं हो. तरीपण जो समोर उभा राहून नाही म्हणतोय त्याला मी हात लावू शकत नाही.

तालुका कोर्ट

मी वकील, तेव्हा 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) मीच घेणार. डेटा हा यंत्रमानव अधिकारी, त्याला उघडून तपासायचंय, तो राजीनामा देतो तर म्हणतात तू स्टारफ्लीटची, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलाची मालमत्ता, तुला राजीनामा देता येत नाही. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेली आहे आणि ते प्रत्येक सीनमध्ये जाणवतं. एकच गोष्ट आमच्या कोर्टात एक मिनिट टिकली नसती, रायकर हा डेटाचा मित्र आणि वरिष्ठ, त्यालाच विरुद्ध बाजूचा वकील नेमतात, आणि नीट लढला नाहीस तर डेटा हरला असं धरीन म्हणून दम देतात. पण त्यातूनच तो सीन येतो, रायकर युक्तिवाद करता करता पाठीमागे जाऊन डेटाचं बटण बंद करतो आणि डेटा पुढे कोसळतो.

मला निकाल सगळ्यात आवडतो. न्यायाधीश म्हणत नाही की डेटाला आत्मा आहे. ती म्हणते ते मला ठरवता येत नाही, मला आहे की नाही तेही सांगता येत नाही, पण तो प्रश्न शोधायचं स्वातंत्र्य त्याला असलं पाहिजे. जेवढं समोर आहे तेवढ्यावरच निकाल. ज्युनिअर मुलं आली की मी त्यांना आधी हा भाग दाखवतो, मग प्लीडिंग, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी म्हणणं, लिहायला बसवतो.

उजनीपल्याडचा, सध्या न्यू जर्सी

'द इनर लाइट', १ जून १९९२. पिकार्ड बेशुद्ध पडतो, जहाजावर पंचवीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात तो कटान नावाच्या ग्रहावर कामिन म्हणून आख्खं आयुष्य जगतो, बायको, मुलं, नातू, बासरी शिकतो. तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच संपलाय, त्यांचा सूर्य फुटणार हे कळल्यावर त्यांनी एक यान सोडलं, कुणीतरी आपल्याला आतून ओळखावं म्हणून. ह्यूगो पारितोषिक मिळालं याला. कामिनचा मुलगा झालाय तो पॅट्रिक स्टुअर्टचा खराच मुलगा.

माझ्या आजीचं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं, ते बघायला लोक होडीने जातात, फोटो काढतात. आजीला देवळाचं विशेष नव्हतं. ती घरं सांगायची, वेशीपासून ओळीने, सुताराचं, त्याच्या अंगाला गुरवाचं, मग चिंचेखालची विहीर जिचं पाणी मचूळ. आम्ही पोरं पळून जायचो. हा भाग इथे अमेरिकेत एकटा असताना बघितला आणि दुसऱ्याच दिवशी फोन लावला की आजी परत सांग, वेशीपासून. रेकॉर्ड केलं. ती चुकली की मावशी मागून दुरुस्त करायची आणि दोघींचं भांडण लागायचं की विहीर आधी की तालीम आधी, तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे. चुलतभावाने त्यावरून नकाशा काढलाय, आता त्या गावातून उठून गेलेल्या बाकीच्या घरांकडे पाठवतोय. कुणी उजनीत गेलेल्या गावांतलं इथे असेल तर मेसेज करा, बऱ्याच जागा रिकाम्या आहेत.

मडगावची मीनाक्षी

माझ्या नवऱ्याच्या घरचे मूळचे साळावलीच्या धरणातल्या कुर्डीचे. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा अजून सगळे तिथे जमतात. मेसेज केलाय तुम्हाला.

नवी आई

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, कुठून सुरू करू? सगळे एवढं छान लिहिताय पण मला यातलं काहीच माहीत नाही.

कोथरूडचा क्लिंगॉन

पहिल्या मालिकेतला 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'. केसाळ गोंडस गोळे भराभर वाढत जातात आणि कर्कच्या डोक्यावर कपाटातून बदाबदा पडतात, मुलं खूश होतात. नेक्स्ट जनरेशन घेतलं तर थेट तिसऱ्या सीझनपासून, पहिले दोन कच्चे आहेत, फक्त वकीलसाहेबांचा भाग दुसऱ्यातला आहे तो तेवढा घ्या.

खाणवाल्याचा पोरगा

आणि होर्टा दाखवा. दहा वर्षांच्या पोरीला नक्की कळेल. बघून झाल्यावर ती काय म्हणाली ते इथे येऊन लिहा.