सिझेरियनचा ग्लोबल कोड डिनाय झाला, आता तुकडे कसे पाडायचे?

ऑर्थोतूनआलेली:
नमस्कार मंडळी, अमेरिकन क्लायंटचं ओबीचं, म्हणजे बाळंतपणाच्या बिलांच्या कोडिंगचं, काम माझ्याकडे येऊन दोनच महिने झालेत, आधी ऑर्थो (हाडांचं) करायचे, त्यामुळे डिलिव्हरीचे कोड अजून अंगवळणी पडलेले नाहीत. एक केस अडकलीय. पेशंटचं आधीचं एक सिझेरियन आहे, या वेळी नॉर्मल व्हावी अशी इच्छा होती. घर बदललं म्हणून ३० व्या आठवड्यात जुन्या डॉक्टरांना सोडून आमच्या डॉक्टरांकडे आली, इन्शुरन्स तोच. आमच्याकडे डिलिव्हरीआधी ६ व्हिजिट. ३९ व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, बारा तास वाट बघितली, पुढे सरकेना म्हणून शेवटी आमच्याच डॉक्टरांनी सिझेरियन केलं. दहाव्या दिवशी टाक्यांतून पू येतोय म्हणून क्लिनिकला आली, अँटिबायोटिक दिलं, नंतर सहा आठवड्यांची नेहमीची व्हिजिट. मी सरळ ५९५१० लावला, म्हणजे गरोदरपण, सिझेरियन आणि नंतरची काळजी एकत्र धरणारा ग्लोबल कोड, डायग्नोसिस ओ८२ आणि झेड३७.० (एक जिवंत बाळ), आणि पोस्टपार्टम (डिलिव्हरीनंतरचं) सगळं ग्लोबलमध्येच येतं म्हणून बाकी काही लावलंच नाही. डिनायल आलं, म्हणजे इन्शुरन्सने क्लेम नाकारला, की अँटिपार्टमचे (डिलिव्हरीआधीच्या व्हिजिटचे) पैसे दुसऱ्या प्रोव्हायडरला आधीच दिलेत. टीम लीड नुसतं म्हणतात चार्ट परत वाच. वाचला की हो तीनदा! चुकतंय कुठे?

झटपटकोडर:
५९५१० काढ आणि ५९६१८ टाक, आधीचं सिझेरियन असून नॉर्मलचा प्रयत्न फसला की तोच कोड. रीसबमिट कर, होईल पेड.

डिनायलवालीताई:
झटपट, अर्धं बरोबर बोललास. ५९६१८ पण ग्लोबलच आहे रे, त्यातही अँटिपार्टम धरलेलंच असतं, म्हणजे त्याच कारणाने पुन्हा परत येणार.

ऑर्थो, कोणतं ऑपरेशन झालं याच्याआधी कोणी काय काय केलं ते बघायचं. गरोदरपणातल्या व्हिजिट, डिलिव्हरी आणि नंतरची काळजी, तिन्ही एकाच डॉक्टरने किंवा एकाच ग्रुपने केलं तरच ग्लोबल. तुझ्या डॉक्टरांनी शेवटच्या दोन्ही गोष्टी पूर्ण केल्या पण पहिली अर्धवट, अर्धी जुन्या डॉक्टरांनी. म्हणून डिलिव्हरी अधिक पोस्टपार्टमचा ५९६२२, आणि अँटिपार्टमच्या ६ व्हिजिटसाठी ५९४२५. तो ४ ते ६ व्हिजिटचा असतो, ७ किंवा जास्त असत्या तर ५९४२६, आणि १ ते ३ च असत्या तर प्रत्येक व्हिजिटचा साधा ई-एम कोड (नेहमीच्या तपासणीच्या व्हिजिटचा). ५९४२५ चं युनिट १, सहा व्हिजिट म्हणून ६ युनिट टाकू नकोस, हे मी स्वतः केलंय आणि नंतर रिफंडचं पत्र आलं होतं, त्यामुळे कळकळीने सांगतेय. तारखा पहिल्या ते शेवटच्या व्हिजिटपर्यंत द्यायच्या की एकच, ते पेअरप्रमाणे (पैसे देणाऱ्या इन्शुरन्सप्रमाणे) बदलतं.

आणि प्रयत्न झाला होता हे डॉक्टरांच्या नोटमध्ये दिसायला हवं. ठरलेलं सिझेरियन होतं, कळा आधीच सुरू झाल्या आणि थेट ओटीत नेलं, तर तो प्रयत्न नाही, तिथे ५९५१० च्याच घरातले कोड. तुझ्या केसमध्ये बारा तास वाट बघितलीय म्हणजे प्रश्न नाही.

पाठवताना नवा क्लेम म्हणून पाठवू नकोस हं, डुप्लिकेट म्हणून उडेल. करेक्टेड क्लेम, फ्रीक्वेन्सी कोड ७ (जुन्याच्या जागी हा घ्या असं सांगणारा), सोबत जुन्या क्लेमचा नंबर.

रात्रपाळीदादा:
ताईंनी प्रोसीजर सांगितली, मी डायग्नोसिसवर येतो कारण ओ८२ बघून राहवलं नाही. सिझेरियन म्हटलं की ओ८२ लावायचा ही सवय नव्या कोडर्समध्ये कुठून येते कळत नाही. तो कोड काहीच वैद्यकीय कारण नसताना केलेल्या सिझेरियनचा आहे. कारण असलं की ते कारणच पहिलं. इथे ओ६६.४१, म्हणजे आधीच्या सिझेरियननंतर नॉर्मलचा प्रयत्न फसला, त्यासोबत जुन्या व्रणाचा ओ३४.२१ मधला कोड, मग आठवड्यांचा झेड३ए.३९ आणि झेड३७.०. बाळाचा झेड३८.०१ बाळाच्याच क्लेमवर, आईच्या नाही.

व्रणाच्या कोडमध्ये एक गंमत आहे. ऑप नोटमध्ये आडवा छेद लिहिलेला दिसला की लोक डोळे मिटून ओ३४.२११ टाकतात, पण तो छेद आजचा! कोड विचारतोय मागच्या वेळच्या व्रणाबद्दल. जुना छेद कसा होता हे कुठेच नसेल तर ओ३४.२१९.

ऑर्थोतूनआलेली:
अगं बाई, मी आजचाच छेद बघत होते 🙈 जुन्या रेकॉर्डमध्ये आडवा लिहिलाय, आत्ता बघितलं, म्हणजे २११ चालेल. पण टाक्यांच्या व्हिजिटचं काय? आणि आणखी एका चार्टमध्ये आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीपासून सगळं बघितलं, ११ व्हिजिट, पण सिझेरियन रात्री हॉस्पिटलच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी केलं, ते आमच्या ग्रुपमधले नाहीत. तिथे?

डिनायलवालीताई:
दुसरं सोपं आहे, ५९४२६ आणि फक्त पोस्टपार्टमचा ५९४३०. सिझेरियनचा ५९५१४ ते ड्युटीवाले डॉक्टर लावतील, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

टाक्यांचं मात्र डोकेदुखी प्रकरण. नुसते स्टेपल काढले असते तर काहीच वेगळं मिळालं नसतं, ते पोस्टपार्टममध्येच. इन्फेक्शन म्हणजे कॉम्प्लिकेशन, आणि सीपीटीच्या (प्रोसीजर कोडची ही यादी) नियमाने कॉम्प्लिकेशनसाठीची व्हिजिट वेगळी लावता येते, म्हणून ई-एम कोड, वरवरच्या इन्फेक्शनला ओ८६.०१, खोलवर गेलं असेल तर ओ८६.०२. पण जे पेअर मेडिकेअरच्या (अमेरिकेचा सरकारी विमा) सर्जरीच्या नियमाने चालतात ते म्हणतात ऑपरेशन थिएटरात परत नेलं तरच मॉडिफायर ७८ (कोडला जोडायचा जादा आकडा) लावून पैसे, क्लिनिकमध्ये बघितलं तर नाही. तेव्हा लावायच्या आधी त्या पेअरची मॅटर्निटी पॉलिसी उघडून बघ.

झटपटकोडर:
मॉडिफायर २४ लावला की निघतं ताई, मी लावतो नेहमी.

रात्रपाळीदादा:
२४ चा अर्थ ऑपरेशनशी संबंध नसलेली व्हिजिट. सिझेरियनच्या टाक्यांत पू, आणि सिझेरियनशी संबंध नाही? पेअरने लेखी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ऑडिटमध्ये सापडलास की दादा आठवतील.

ऑर्थोतूनआलेली:
पॉलिसी मिळाली. कॉम्प्लिकेशनची व्हिजिट वेगळी घेतात, पण नोटमध्ये इन्फेक्शनची खोली लिहिलेली हवी आणि आमच्या डॉक्टरांनी फक्त "टाके लाल, पू" एवढंच लिहिलंय. खोली विचारायला डॉक्टरांना क्वेरी टाकलीय, ५९६२२ आणि ५९४२५ चा करेक्टेड क्लेम मात्र आत्ताच सोडते.