पॅरिस–लंडन–रोम: घरात दोन रंगांचे पासपोर्ट

प्रश्न: नवरा आणि लेक जर्मन पासपोर्टवाले, मी एकटी भारतीय. आधी पॅरिस, मग लंडन, शेवटी रोममध्ये सगळ्यात जास्त दिवस. विमान तिघांचं एकच, पण कागद गोळा करायचे ते मीच! शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज कुठे करू?

गाठोडं: इटलीकडे. मुक्काम जिथे जास्त, त्या देशाकडे. दिवस सारखे असते तर आधी प्रवेश जिथे, तिथे. एक पाहा, लंडनला गेलात की शेंगेनबाहेर पडलात. व्हिसावरच्या ‘एंट्रीज’च्या (किती वेळा आत येता येईल) रकान्यात १ असेल तर रोम विसरा. ‘MULT’, म्हणजे अनेकदा प्रवेश, हवं.

नकाशेवाला: ताई, फी भरू नका. नवरा युरोपियन युनियनचा नागरिक आहे आणि तुम्ही त्याच्यासोबत त्याच्या स्वतःच्या देशाबाहेर फिरताय, म्हणजे २००४/३८ निर्देश (युनियनच्या नागरिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या प्रवासाचा नियम) लागू. व्हिसा मोफत, हॉटेल बुकिंग आणि बँक स्टेटमेंटही मागता येत नाही. लग्नाचा दाखला आणि त्याचा पासपोर्ट मात्र लागतोच. काउंटरवर बऱ्याचदा हे माहीत नसतं, निर्देशाची प्रत सोबत ठेवा.

गाठोडं: लंडनला यातलं काही चालत नाही हं. तुम्हाला ब्रिटनचा वेगळा व्हिजिटर व्हिसा. त्या दोघांना ईटीए (निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी), लेकीचाही वेगळा. जर्मन ओळखपत्रावर जाता येत नाही, पासपोर्टच हवा.

प्रश्नकर्ती: म्हणजे व्हीआयपी पासपोर्टवाल्यांनाही फॉर्म भरावा लागणार! आज जेवताना सांगते.