पर्ड्यूचं २०२५चं शेड्युल नक्की किती अवघड आहे? (२०२५चा सीझन सुरू होण्याआधीची चर्चा)

बॉइलरमेकरची आई:
मंडळी, मुलगी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकते (टीमचं नाव बॉइलरमेकर्स), त्यामुळे आमच्या घरात फॉलचा शनिवार अमेरिकन कॉलेज फुटबॉलचाच असतो. २०२४ला टीम १–११ (एक विजय, अकरा पराभव) झाली, तेव्हा जो तो म्हणत होता की शेड्युलच भयंकर होतं. यंदाचं कसं आहे ते बघावं म्हणून बाराही प्रतिस्पर्ध्यांचे २०२४चे निकाल मांडले: ९६ विजय, ६३ पराभव. पण बॉल स्टेट (३–९) आणि ओहायो स्टेट (१४–२) एकाच बेरजेत घालणं मला पटत नाही. तुम्ही कसं बघता?

टचडाउनवाला:
ताई, गेल्या वर्षीच्या निकालांवर फार विसंबू नका. फ्लोरिडा स्टेट २०२३ला एसीसी (त्यांची लीग) जिंकून १३–० होती, पुढच्याच वर्षी २–१०. इंडियाना ३–९ वरून ११–२. ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी कॉलेज बदलायची सोय) आल्यापासून अर्धी टीम एका हिवाळ्यात बदलते. आधी क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) तोच आहे का ते बघा. इलिनॉयकडे आल्टमायर परत येतोय, ओहायो स्टेट आणि नोत्र दामला नवा शोधायचाय.

रॉस-एडकर:
ताई, मी आधी विचारतो, अवघड कोणासाठी? प्लेऑफला (राष्ट्रीय विजेतेपदाच्या फेरीला) जाऊ बघणाऱ्या टीमसाठी ओहायो स्टेटची गेम सगळ्यात महत्त्वाची. १–११ वरून उठणाऱ्या, नवा कोच आलेल्या टीमला बोलसाठी (सीझननंतरच्या मानाच्या गेमसाठी) सहा विजय हवेत. ओहायो स्टेट देशात पहिली असो की पाचवी, आपल्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. आपलं वर्ष मधल्या टीम ठरवणार: इलिनॉय, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, रटगर्स. गेल्या वर्षी इलिनॉयशी आपण ओव्हरटाइममध्ये ५०–४९ हरलो, नॉर्थवेस्टर्नशीही ओव्हरटाइममध्येच २६–२०. त्या दोन गेम अजून सलतात. या चारांपैकी तीन टीम थोड्या जरी सुधारल्या, तरी शेड्युल खरं अवघड झालं, आणि तुमच्या बेरजेत ते दिसणारही नाही.

दुसरं, गेम कुठे आहे ते बघा. वॉशिंग्टन (सिअॅटलची टीम) ६–७ म्हणून मधली वाटते, पण ते सहाही विजय त्यांच्या घरच्या मैदानावरचे आहेत आणि आपल्याला जायचंय सिअॅटललाच. उलट नॉर्थवेस्टर्नचं स्टेडियम नव्याने बांधलं जातंय, म्हणून ते तळ्याकाठच्या बारा हजारांच्या तात्पुरत्या मैदानावर खेळतात. मिशिगनला मात्र लाखभर लोक अंगावर ओरडणार. तिन्ही गेम कागदावर 'अवे'च (दुसऱ्याच्या मैदानावर) आहेत!

आणि क्रम. १ नोव्हेंबरला मिशिगन, ८ला ओहायो स्टेट, १५ला सिअॅटल. दोन आठवडे या दोन टीमच्या धिप्पाड लाइनमनचा (पुढच्या फळीतल्या खेळाडूंचा) मार खायचा आणि मग तीन टाइमझोन ओलांडून जायचं. माझ्या मते अख्ख्या शेड्युलमधला सगळ्यात वाईट आठवडा तो सिअॅटलचाच, ओहायो स्टेटचा नव्हे. सप्टेंबरमध्ये यूएससी आणि नोत्र दाम लागोपाठ आहेत खऱ्या, पण त्यानंतर लगेच बाय (बिनगेमचा आठवडा) आहे. इलिनॉय येईपर्यंत दुखापती सावरायला वेळ मिळेल. इंडियानाच्या आधीही बाय आहे.

बॉइलरमेकरची आई:
हे फार उपयोगी पडलं. मग बॉल स्टेट आणि सदर्न इलिनॉय हे दोन विजय धरून चालायचं का?

रॉस-एडकर:
धरावेच लागतील. त्यातली एक गेली तर उरलेल्या दहांतून पाच काढायच्या, आणि ते मला दिसत नाही. दोन्ही जिंकल्या तर मधल्या चारही घेतल्या की सहा होतात. एखादी निसटली तर वॉशिंग्टन किंवा इंडियानाकडून वसूल करायची. मुलीला एकाच गेमचं तिकीट काढायचं असेल तर २५ ऑक्टोबर, रटगर्स. ती जिंकायलाच हवी.

टचडाउनवाला:
मी ४ ऑक्टोबर म्हणेन, इलिनॉय. त्या एका पॉइंटचा हिशोब बाकी आहे.