आधी आकडा की आधी साईन?

जुनीबोटं:
काल घाईत लेकीचा कॅल्क्युलेटर उचलला. सवयीने 30 दाबलं, मग साईन (त्रिकोणमितीतलं sin), मग बरोबरचं चिन्ह. पडद्यावर 'सिंटॅक्स एरर'. तिने माझा जुना घेऊन साईन, 30, बरोबर असं दाबलं, तर उत्तर आलं 30! "बाबा, तुमचा बिघडलाय." बिघडलाय कसला, मला तो आजही मुकाट 0.5 देतो. हा क्रम उलटा का केला? आणि या वयात बोटांना नवं वळण लावून काही पदरात पडेल का?

अर्धविराम:
दोन्ही यंत्रं धडधाकट आहेत. तुमच्या यंत्राला पडद्यावरचा आकडा तेवढा कळतो. साईन दाबलं की त्याच आकड्याचं साईन तिथल्या तिथे. लेकीने आधी साईन दाबलं तेव्हा पडद्यावर शून्य होतं, त्याचं साईन शून्य. मग 30 नुसतं टाईप झालं. नवं यंत्र आख्खी ओळ वहीतल्यासारखी लिहून घेतं आणि बरोबर दाबल्यावरच वाचायला बसतं.

एंटरवाला:
तुम्ही दोघंही बरोबरच्या चिन्हाचे गुलाम! 1972 च्या एचपी-35 कॅल्क्युलेटरवर ते बटणच नव्हतं; आधी दोन्ही आकडे द्यायचे, मधे एंटर, आणि क्रिया शेवटी. (3+4)×(5+6) करायचं तर 3 एंटर 4 +, 5 एंटर 6 +, ×. आलं 77. कंस नाही, आणि मधली 7 आणि 11 डोळ्यांसमोर येऊन जातात, त्यामुळे चूक जागेवर सापडते. 1981 चा एचपी-12सी मी अजून वापरतो. एक फायदा असा की ऑफिसात तो कुणी उसना मागत नाही. मागितलाच तर दोन मिनिटांत परत येतो.

वजाबाकी:
काका, सवय बदला वा राहू द्या, पण उणे आकड्याचा वर्ग जपून. तुमच्यावर 5, मग +/−, मग वर्ग: 25. लेकीच्यावर −5² जसंच्या तसं लिहिलं की −25, कारण ते आधी वर्ग करतं आणि उणे नंतर लावतं. गणिताच्या वहीतला नियमही तोच. तिथे (−5)² असा कंस हवाच. मी यात एकदा तोंडावर आपटलोय, आख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.

जुनीबोटं:
करून पाहिलं, खरंच −25! एंटरवाल्यांना दुरूनच नमस्कार. लेकीच्या यंत्राची एक गोष्ट मात्र आवडली: लांबलचक सूत्रात मधलाच आकडा चुकला तर बाणाने मागे जाऊन तेवढाच बदलता येतो. माझ्यावर तो उशिरा लक्षात आला की श्रीगणेशापासून सुरुवात. तेव्हा लांब सूत्राला तिचा, बाकी माझाच. फक्त ती म्हणते, मागून घ्यायचा, नुसता उचलायचा नाही.