'सूद' म्हणजे मुळात 'खरंय' म्हणणं?

घशाच्या गोळ्यांच्या पाकिटावर 'सूदिंग' लिहिलेलं, सहज मूळ बघायला गेलो आणि चाटच पडलो. इंग्रजी सूद म्हणजे आपण शांत करणं, चुचकारणं समजतो (व्याजाचा सूद नव्हे हं). पण जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता एखादी गोष्ट खरी आहे असं दाखवून देणं, साक्ष देणं, कारण त्यातला 'सोथ' म्हणजे खरं. तोच पुढे 'सूथ' झाला. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं पहिलंच वाक्य 'इन सूथ' असं सुरू होतं, म्हणजे 'खरं सांगायचं तर'. आणि ज्युलियस सीझरला १५ मार्चला जपून राहा म्हणणारा सूथसेयर, म्हणजे भविष्य सांगणारा, तो शब्दशः खरं बोलणारा.

मग खरं म्हणण्यावरून गाडी गार वाटण्यावर कशी आली? तर मधे हांजी हांजी आहे! १६व्या शतकात सूद करणं म्हणजे समोरचा जे बोलेल त्याला 'अगदी बरोबर बोललात' म्हणत मम म्हणणं असा अर्थ आला, आता असं हो ला हो केलं की माणूस खूश होतो, तापलेला असला तरी निवतो, म्हणून १७व्या शतकाच्या अखेरीस नुसतं शांत करणं उरलं, आणि पुढच्या शतकात दुखणं कमी करण्यालाही तेच वापरायला लागले. खुशमस्कऱ्यांनी शब्द पळवला असं माझं मत.

— भारीच! पण मला वाटलं होतं तुम्ही 'अव्हर'बद्दल लिहाल. आमच्याकडे वकिलांच्या ऑफिसात रोज 'अव्हरमेंट' टाइप करावं लागतं. ते पण खरं सांगण्याचंच ना?

— हो ताई, पण घराणं वेगळं. अव्हर म्हणजे ठामपणे खरं म्हणून सांगणं, ते लॅटिन 'व्हेरुस' म्हणजे खरं यातून फ्रेंचमार्गे आलं. कैफियतीत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीनं दिलेल्या लेखी उत्तरात, 'दावा कलम ४ मधील मजकूर प्रतिवादीस मान्य व कबूल नाही' असं तुम्ही टाइप करत असाल, तो नाकबूल केलेला मजकूर म्हणजे समोरच्याचं अव्हरमेंट. व्हेरिफाय, व्हर्डिक्ट त्याचीच भावंडं, आणि गंमत म्हणजे 'व्हेरी' पण! आपण 'खरंच छान' म्हणतो ना, तसंच ते व्हेरी गुड. ॲव्हरेजचा मात्र काही संबंध नाही, दिसतं सारखं.

सूथचं नातं उलट आपल्याशी आहे. संस्कृत सत्, सत्य आणि हा सूथ एकाच मुळाचे, 'असणे' या अर्थाच्या धातूपासून, म्हणजे जे आहे ते खरं. त्या सत्याचं प्राकृतात सच्च, जुन्या मराठीत साच. ज्ञानेश्वरीत बोलणं कसं असावं तर 'साच आणि मवाळ', इंग्रजीतल्या या क्रियापदानं साच सोडला नि मवाळ धरला.

— उच्चार सूथ की सूद?

— क्रियापद सूद, जीभ दातांना लावून. नाम सूथ.